धम्मलिपीच्या पायथ्याची पाटी : एक परीक्षण

दिल्लीच्या उत्तर भागात जी खडकाळ टेकडी आहे आणि जिला तेथील लोक ‘रिज’ या इंग्रजी नावानेच ओळखतात, त्या टेकडीवर महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. या रुग्णालयाच्या समोरच रस्त्याच्या कडेला प्रियदर्शी सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. अभ्यासक त्याला दिल्ली-मेरठ स्तंभ म्हणतात. फिरोजशाह कोटल्यावरील दिल्ली-टोपरा स्तंभाला जी कीर्ती लाभली, ती याच्या वाट्याला आली नाही. तो पाच तुकडे जोडून उभा केलेला आहे. त्यावरील ब्राह्मी अक्षरे पुष्कळ ठिकाणी झिजली असून ओळी तुटक झाल्या आहेत. त्याच्या चौथऱ्यावर इ.स. १८६७ मधील एक इंग्रजी पाटी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय स्तंभ नव्हे, ती पाटी होय.

ग्रंथांचे परीक्षण करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पाट्यांचे परीक्षण कोणी करीत नाही. परंतु स्तंभावरचा लेख वाचू शकणारी माणसे देशात मोजकी आहेत आणि पाटी मात्र येणारा-जाणारा प्रत्येक साक्षर मनुष्य वाचतो. सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने स्तंभ जे बोलतो ते पाटीच्याच मुखाने बोलतो. म्हणून ग्रंथाच्या भाषांतरकाराला जी जबाबदारी असते, तीच पाटी लिहिणाऱ्यालाही असते, असे आमचे मत आहे.

पाटीवरचा मजकूर अगदी थोडका आहे. हा स्तंभ इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोक राजाने मूळ मेरठ येथे उभारला. फिरोजशाह बादशहाने इ.स. १३५६ मध्ये तो तेथून हलवून जवळच्याच कोश्क-ए-शिकार महालात उभा केला, इ.स. १७१३ ते १७१९ या काळात दारूचे कोठार उडून तो पडला व त्याचे पाच तुकडे झाले; आणि १८६७ साली ब्रिटिश सरकारने तो दुरुस्त करून या ठिकाणी पुन्हा उभा केला. एवढ्यात बावीस शतकांचा इतिहास संपतो.

प्रथम या पाटीचे जे श्रेय आहे ते तिला दिले पाहिजे. तिने फिरोजशाहाचे नाव झाकलेले नाही. स्तंभ मूळचा येथला नाही, तो मोडलेला आहे, जोडलेला आहे, हे तिने उघडपणे सांगितले आहे. आजकालच्या कित्येक शासकीय फलकांवर एवढाही प्रामाणिकपणा आढळत नाही. तिचा इंग्रजी मजकूर आटोपशीर आहे, त्यात विशेषणांची गर्दी नाही. तरीही ही पाटी सदोष आहे आणि तिचा दोष तिने जे सांगितले त्यात थोडा व जे सांगितले नाही त्यात फार मोठा आहे.

सांगितलेल्यापैकी दोन गोष्टी तपासून घेण्याजोग्या आहेत. स्तंभ मेरठला ‘मूळ’ उभारलेला होता असे पाटी निःशंकपणे म्हणते. फिरोजशाहाच्या कारकिर्दीचा इतिहासकार शम्स-ए-सिराज अफीफ मात्र एवढेच लिहितो, की दोन दगडी स्तंभांपैकी एक टोपरा गावी होता व दुसरा मेरठ शहरानजीक होता. चौदाव्या शतकात तो तेथे होता, यावरून सोळाशे वर्षांपूर्वीही तेथेच होता असे आपोआप सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट सनाची. अफीफ हे स्थलांतर सुलतान थट्ट्याच्या मोहिमेवरून परतल्यानंतरचे सांगतो आणि ती मोहीम इ.स. १३६० नंतरच्या दशकातली आहे. पाटीवरील १३५६ हा आकडा या सांगण्याशी जुळत नाही. दगडात कोरलेला आकडा छापील आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, पण तो तसा असतोच असे नाही.

आता पाटीची वाक्यरचना पाहा. राजाने उभारला, बादशहाने हलवला, सरकारने पुन्हा उभा केला. प्रत्येक चांगल्या कृत्याला कर्ता आहे. स्तंभ मोडला त्या कृत्याला मात्र कर्ता नाही. तेथे केवळ दारूचे कोठार आहे. १७१३ ते १७१९ हा काळ म्हणजे फर्रुखसियर बादशहाची कारकीर्द होय. पाटीने त्याच्या कारकिर्दीची दोन्ही टोके दिली आणि नाव तेवढे गाळले. ही मोठी चूक आहे असे नव्हे, परंतु शिल्लक राहिलेल्या तीन कर्त्यांची रांग ध्यानात घ्यावी : अशोक, फिरोजशाह, ब्रिटिश सरकार. स्तंभ हे निमित्त आहे. पाटीचा खरा विषय या टेकडीवर कोणाकोणाची सत्ता होऊन गेली आणि आता कोणाची आहे, हा आहे. दहाच वर्षांपूर्वी, १८५७ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत, याच टेकडीवर इंग्रजांच्या फौजेचा तळ होता. आज ज्याच्या नावाने रुग्णालय ओळखले जाते तो हिंदूराव म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांचा मुलगा व बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. त्याचा येथील बंगला त्या वेढ्यात इंग्रजांचे एक मुख्य ठाणे झाला होता. त्या जागी १८६७ साली अशोकाचा स्तंभ उभा करणे, हे निव्वळ पुरातत्त्वप्रेम होते असे मानायला आम्ही तयार नाही.

या रांगेत कोण नाही, तेही पाहिले पाहिजे. टोपऱ्याचा स्तंभ कसा आणला याचे वर्णन अफीफने केले आहे. सावरीच्या कापसाचे ढीग पायथ्याशी रचून स्तंभ त्यावर अलगद आडवा केला, कच्च्या चामड्यात व बोरूत गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला, प्रत्येक चाकाच्या दोराला दोनशे माणसे जुंपली आणि यमुनाकाठी आणून मोठ्या नावांवर घातला. ही माणसे कोण होती? चामडे कोणी आणले, दोर कोणी वळले? मेरठचा स्तंभही अशाच माणसांच्या खांद्यांवरून आला असणार. सुलतानाच्या आश्रित इतिहासकाराने त्यांची निदान संख्या तरी नोंदवली. पाटीने तीही नोंदवली नाही.

परंतु पाटीचे सर्वात मोठे मौन याहून वेगळे आहे. स्तंभावर काही लिहिलेले आहे, हेच ती सांगत नाही.

हे वाक्य आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. ‘लेख’, ‘आज्ञा’, ‘धम्म’ यांपैकी एकही शब्द पाटीवर नाही. ज्याला ब्राह्मीची ओळख नाही असा मनुष्य ही पाटी वाचून परतला, तर हा एक प्राचीन, गुळगुळीत, भला मोठा दगड होता आणि राजेलोकांना तो इकडून तिकडे नेण्याची हौस होती, एवढेच त्याला कळेल. वास्तविक या स्तंभावर अशोकाच्या पहिल्या सहा स्तंभलेखांपैकी उरलेले अंश आहेत. याच लेखांच्या प्रती टोपरा, अलाहाबाद, लौरिया-अरराज, लौरिया-नंदनगढ व रामपुरवा येथील स्तंभांवर असल्यामुळे येथे जी अक्षरे झिजली त्यांचाही पाठ निश्चित करता येतो. अशोकाने स्वतः या लेखांना ‘धम्मलिपी’ म्हटले आहे. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात तर त्याची आज्ञाच आहे, की जेथे जेथे शिलास्तंभ किंवा शिलाफलक असतील तेथे ही धम्मलिपी कोरावी, म्हणजे ती चिरकाल टिकेल. याचा अर्थ उघड आहे. अशोकाच्या लेखी स्तंभ हे वाहन होते व लिपी हा त्यावरचा स्वार होता. पाटीने वाहनाची वंशावळ दिली आणि स्वाराला खाली उतरवले.

या लिपीचा अर्थ दीर्घकाळ कोणालाच लागत नव्हता, हे खरे. फिरोजशाहाने टोपऱ्याच्या स्तंभावरील लेख वाचण्यासाठी ब्राह्मणांना पाचारण केले; कोणालाही वाचता आले नाही. मात्र काहींनी असे सांगितल्याचे अफीफ नोंदवतो, की ‘फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा स्तंभ कोणीही हलवू शकणार नाही’ असे त्यावर लिहिले आहे! ज्ञान नसताना ज्ञानाचा मक्ता सांभाळण्याचा हा नमुना आमच्या वाचकांना फारसा अनोळखी वाटणार नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी आलेला इंग्रज प्रवासी टॉम कोर्याट याने दिल्लीचा स्तंभ अलेक्झांडरचा म्हणून ठरवून टाकला. स्थानिक लोक त्याला भीमाची लाट म्हणत. ज्याने तो लिहिला त्याचे नाव तेवढे कोणाच्या तोंडी नव्हते.

परंतु १८६७ साली ही सबब उरली नव्हती. त्याआधी तीस वर्षे, १८३७ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे चिटणीस जेम्स प्रिन्सेप यांनी ही लिपी उलगडली होती. या स्तंभाचे तुकडेही काही काळ त्याच सोसायटीकडे होते. ते १८६६ मध्ये दिल्लीला परत आले. म्हणजे पाटी लिहविणाऱ्यांना स्तंभावर काय आहे ते ठाऊक होते. तरीही लिपीच्या उलगड्याचा, स्वतःच्याच एका देशबांधवाच्या या पराक्रमाचा, पाटीवर उल्लेख नाही. दगड उभा करण्याचे श्रेय सरकारचे होते. अक्षर वाचण्याचे श्रेय एका विद्वानाचे होते. सरकारने आपले तेवढे लिहिले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या उलगड्याची कथा बौद्ध वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. प्रिन्सेप यांना किल्ली सापडली ती राजाच्या लेखात नव्हे. सांचीच्या स्तूपाच्या वेदिकेवर छोटे छोटे लेख आहेत. कोण्या उपासिकेचे, कोण्या भिक्खुणीचे, कोण्या व्यापाऱ्याचे हे दान आहे एवढेच ते सांगतात. या बहुसंख्य लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, असे प्रिन्सेप यांना दिसले आणि ती ‘दानं’ अशी असावीत हे त्यांनी ताडले. तेथून सारी लिपी सुटत गेली. सम्राटाच्या आज्ञेचे कुलूप सामान्य उपासकांच्या दानाने उघडले. पुढे लेखातील ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा कोण, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर सिलोनमधील जॉर्ज टर्नर यांनी त्याच १८३७ साली दीपवंस या पालि ग्रंथाच्या आधारे दिले : पियदसि म्हणजे अशोक. या स्तंभावर ‘अशोक’ हे नाव कोठेही नाही. ज्या लेखात ते नाव प्रत्यक्ष येते असा मास्कीचा लेख १९१५ मध्ये सापडला. म्हणजे पाटीच्या पहिल्याच वाक्यात ‘अशोक राजा’ हे जे शब्द आहेत, ते सिंहलच्या भिक्खुसंघाने शतकानुशतके पालि परंपरा जपली म्हणून तेथे येऊ शकले. पाटीने ते ऋण न मानता नाव तेवढे वापरले आहे.

स्मारकाची पाटी कशी असावी, याचा मानदंड आम्ही बाहेरून आणू इच्छित नाही. तो अशोकानेच घालून दिला आहे. लुंबिनी येथील त्याचा स्तंभलेख अवघ्या पाच ओळींचा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा येथे स्वतः आला, त्याने पूजा केली, कारण येथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला. म्हणून शिलास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा आठवा भागच घेण्याचे ठरवले, असा त्याचा आशय. कोण आले, केव्हा आले, हे स्थान महत्त्वाचे का आहे आणि तेथील लोकांच्या पदरात काय पडले, ही चारही उत्तरे पाच ओळींत मिळतात. राजाचे नाव तेथेही पहिले आहे, नाही असे नाही. पण त्याच्या येण्याला जे कारण आहे ते तथागतांचे आहे आणि जो लाभ आहे तो लुंबिनीच्या ग्रामस्थांचा आहे. दिल्लीची पाटी या मानदंडाला लावून पाहावी. ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ ही उत्तरे ती देते. ‘का’ हा प्रश्न तिला पडलेला नाही. ‘लोकांना काय’ हा तर मुळीच नाही.

मग या स्तंभाचे ‘का’ काय आहे? दुसऱ्या स्तंभलेखात राजा स्वतःच प्रश्न विचारतो, की धम्म म्हणजे काय? आणि स्वतःच उत्तर देतो : अल्प आसिनव, बहु कल्याण, दया, दान, सच, सोचये. यांतील ‘सच’ म्हणजे पालि सच्च आणि ‘सोचये’ म्हणजे सोचेय्य, अर्थात अंतर्बाह्य शुचिता. ‘आसिनव’ हा शब्द पालि आसवाच्या जवळचा आहे. या व्याख्येत यज्ञ नाही, वर्ण नाही, पुरोहित नाही, ईश्वरही नाही. दोन पायांच्या, चार पायांच्या, पक्षी आणि जलचर अशा सर्व जीवांवर आपण अनुग्रह केला, असे राजा याच लेखात सांगतो. माणसांच्या व जनावरांच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे सांगणारा दुसरा शिलालेख या स्तंभावर नाही, हे मान्य. तरी ज्या राजाने औषधी वनस्पती लावण्याची आज्ञा कोरून ठेवली, त्याचा स्तंभ आज एका सार्वजनिक रुग्णालयासमोर उभा आहे, हा योगायोग कोणाही विचारी माणसाला सुचावा. पाटी वाचून तो सुचण्याची शक्यता नाही.

तिसरा स्तंभलेख तर आम्हाला या पाटीवरचेच भाष्य वाटतो. मनुष्य आपले कल्याणकृत्य तेवढे पाहतो, ‘हे सत्कृत्य मी केले’ असे म्हणतो. आपले पाप तो पाहत नाही, असे राजा तेथे सांगतो आणि पुढे जोडतो, की हे पाहणे कठीण आहे. मूळ शब्द ‘दुपटिवेखे’ असा आहे. पालिमध्ये याचेच रूप पच्चवेक्खण. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यावर पुनःपुन्हा पच्चवेक्खण करण्यास सांगतात. बैराटच्या लेखात अशोकाने भिक्खूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे सात धम्मपर्याय नावाने सांगितले आहेत, त्यांत मृषावादासंबंधीचा राहुलोवाद आहे. त्यामुळे स्तंभलेखातील हा विचार राजाला कोठून मिळाला असेल, याविषयी आमच्या मनात फारशी शंका नाही. या सहा लेखांत तथागतांचे नाव नाही, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. त्याचा आधार घेऊन अशोकाचा धम्म बुद्धांच्या धम्माहून निराळा होता असे म्हणणारे विद्वान आहेत. परंतु नाव नसले तरी शब्द आपले कुळ सांगतात.

१८६७ च्या पाटीने नेमके हेच केले आहे. सरकारने आपले कल्याणकृत्य पाहिले, ‘आम्ही पुन्हा उभा केला’ असे लिहिले. दहा वर्षांपूर्वी दिल्ली सर झाल्यावर नीट चौकशी न करता जे शेकडो लोक फासावर चढवले गेले, त्यांचे पच्चवेक्खण केले नाही. स्तंभावरचा चौथा लेख वाचला असता, तर तसे करणे भाग पडले असते. त्या लेखात राजा लाखो प्रजाजनांवर नेमलेल्या ‘लजूक’ नावाच्या अधिकाऱ्यांविषयी बोलतो. कुशल दाईच्या हाती आपले मूल सोपवून मनुष्य जसा निश्चिंत होतो, तसे प्रजेच्या हितासाठी आपण त्यांना नेमले आहे, असे म्हणतो. आणि व्यवहारात समता व दंडात समता असावी, अशी इच्छा व्यक्त करतो. ज्यांना देहान्ताची शिक्षा झाली आहे त्यांना तीन दिवसांची सवलत देतो, म्हणजे त्यांच्या नातलगांना अधिकाऱ्यांकडे जीवदानाची विनंती करता यावी. अशोकाने देहदंड रद्द केला नाही, हे स्पष्ट आहे आणि आपल्या काही वक्त्यांनी या बाबतीत संयम पाळणे बरे. तथापि तीन दिवसही न देणाऱ्यांनी तीन दिवस देणाऱ्याचा लेख उभा करावा आणि त्यातले अक्षरही पाटीवर येऊ देऊ नये, यातील विसंगती झाकत नाही.

‘दंडसमता’ या शब्दाविषयी एक खुलासा. सर्व प्रांतांतील अधिकाऱ्यांची कार्यपद्धती एकसारखी असावी, एवढाच त्याचा अर्थ काही विद्वान घेतात. तो व्याकरणाला सोडून नाही. परंतु हा शब्द कोणत्या भूमीवर लिहिला गेला आणि त्याच्या विरोधात पुढे काय लिहिले गेले, हेही पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात इतर वर्णांना जेथे देहान्त, तेथे ब्राह्मणाला मुंडन सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले तो हा ग्रंथ. भारतीय संविधानातील कायद्यापुढील समानतेला या देशात पूर्वपरंपराच नव्हती, ती पश्चिमेकडून उसनी आणली, असे जे आजही सहजपणे म्हटले जाते, त्यांना दाखविण्यासाठी राजधानीत एक दगड उभा आहे. त्या दगडाच्या पायथ्याची पाटी मात्र त्याला बोलू देत नाही. आमची तक्रार केवळ सौंदर्यदृष्टीची नाही, ती या कारणाने आहे.

कोणी म्हणेल, पाटीही आता दीडशे वर्षांची झाली. तीच इतिहास बनली आहे. ती काढावी काय? मुळीच काढू नये. आमची सूचना वेगळी आहे आणि तिला त्याच टेकडीवर, स्तंभापासून थोड्याच अंतरावर, सरकारी आधार उपलब्ध आहे. इंग्रजांनी १८५७ मध्ये पडलेल्या आपल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तेथे १८६३ साली एक गॉथिक पद्धतीचा मनोरा बांधला. त्याच्या फलकांवर भारतीय लढवय्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात भारत सरकारने त्या मनोऱ्याला अजितगढ असे नाव दिले. जुने फलक फोडले नाहीत. २८ ऑगस्ट १९७२ रोजी तेथे एक नवा फलक लावला. या स्मारकावर ज्यांना शत्रू म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध उठून राष्ट्राच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होते, असा त्याचा आशय आहे. जुन्या दगडाला नव्या दगडाने दिलेले हे उत्तर आम्हाला अत्यंत सभ्य व योग्य वाटते. ज्या सरकारला एका पाटीतील ‘शत्रू’ हा शब्द खटकला, त्याला जवळच्याच पाटीतील मौन खटकू नये, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८५७ च्या वीरांना राष्ट्राच्या स्मृतीत जागा होती. सारनाथचे सिंह शासनाच्या प्रत्येक कागदावर आहेत, चक्र ध्वजावर आहे. पण ज्या धम्माचे ते सिंह व ते चक्र, त्याला चिन्हापलीकडे जागा मिळालेली नाही.

हे लिहीत असताना आपल्या घराकडेही पाहणे प्राप्त आहे. गावोगावच्या विहारांतील कोनशिला आम्ही वाचत असतो. उद्घाटन अमुक मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती अमुक आमदार, अध्यक्ष अमुक, आणि खाली समितीच्या सदस्यांची नावे. ज्या उपासिकांनी मजुरीतून वर्गणी दिली त्यांची नावे क्वचित, आणि तथागतांचे एखादे वचन त्याहून क्वचित. सांचीच्या वेदिकेवर नेमके उलट आहे. दिल्लीच्या पाटीचा दोष दाखविण्याचा अधिकार आपल्याला आहेच, परंतु तो दोष परकीयांची मक्तेदारी नाही.

दिल्लीला जाणारे आपले बांधव २६, अलीपूर मार्ग येथे आवर्जून जातात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ती ही जागा. तेथील राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन १३ एप्रिल २०१८ रोजी झाले. ते सिव्हिल लाईन्समध्ये, या टेकडीपासून फार दूर नाही. अशोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विजयादशमीला ज्यांनी धम्मदीक्षा दिली, त्यांच्या अखेरच्या निवासस्थानाहून अशोकाच्या धम्मलिपीकडे जाणारी वाट एवढी जवळची असूनही ती फारशी कोणी चालत नाही. चालत गेल्यास पुढ्यात येते ती ही पाटी.

तेव्हा १९७२ च्या धर्तीवर येथेही दुसरी पाटी लावण्यात यावी, अशी आमची सूचना आहे. तिच्या मजकुराविषयी काही बाबी आताच नोंदवून ठेवणे बरे. आरंभ ‘देवानंपिय पियदसि’ या नावाने व्हावा, कारण स्तंभाला तेच नाव ठाऊक आहे. अशोक ही ओळख दीपवंसावरून पटली, हे एका वाक्यात यावे. दुसऱ्या लेखातील धम्माची व्याख्या आणि चौथ्या लेखातील समतेचा अंश नागरी लिपीत मुळासह द्यावा व खाली हिंदी व इंग्रजी अर्थ असावा. अर्थात आपल्या इच्छेचे शब्द घालू नयेत. राजाने न म्हटलेले काहीही त्याच्या तोंडी घालणे म्हणजे फिरोजशाहापुढे लेख ‘वाचून’ दाखविणाऱ्यांच्या पंक्तीला बसणे होय. प्रिन्सेप यांचे नाव असावे, उद्घाटकाचे नसावे. आणि या स्तंभावर जी अक्षरे आज उरलेली नाहीत, जी इतर स्तंभांच्या आधारे भरून काढली आहेत, ती कंसात दाखवावीत, म्हणजे वाचणाऱ्याला दगडावर बोट ठेवून कोणते अक्षर येथे आहे व कोणते नाही हे स्वतः ताडून पाहता येईल.